चष्मा सापडत नाही

माईचा चष्मा १९५८ साली हरवला आणि १९६९ साली सापडला. मधली अकरा वर्षं तो बहुतेक वेळ तिच्या नाकावरच होता.

माई म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. वाईत कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचा वाडा. वाडा म्हणजे दोन सोपे, एक चौक, एक आड आणि भाऊबंदकी, असा साधारण ऐवज. मुलं तिला माई म्हणत, म्हणून आम्ही नातवंडंही माईच म्हणायचो, आणि आमचं ऐकून दूधवाला, पोस्टमन आणि बोहारीणसुद्धा. तिचं कागदोपत्री नाव पहिल्यांदा रेशनकार्डावर वाचलं, तेव्हा ‘आपल्या घरात ही आणखी कोण बाई राहते?’ असं माझ्या धाकट्या बहिणीनं घाबरून विचारलं होतं.

माईचा जन्म मानमोडीच्या सालातला. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. माई सांगायची, “सगळं गाव जायच्या घाईत होतं, तेव्हा मी आले. तेव्हापासून लोक धावायला लागले की आधी जरा थांबून बघायचं, अशी सवयच लागली.”

स्वतंत्र वृत्तीची आजी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक खणखणीत आवाजाची, कमरेला किल्ल्या लावलेली, फौजदारालाही ओट्यावरून परत पाठवणारी बाई येते. कथा-कादंबऱ्यांनी आणि दूरदर्शनच्या मालिकांनी तिची इतकी सवय लावली आहे की माईबद्दल सांगायला लागलं की लोकांची थोडी निराशाच होते. माईने आवाज चढवलेला मला आठवत नाही. ‘नाही’ हा शब्दही तिच्या तोंडी क्वचित यायचा. ती फक्त सबब सांगायची. आपण सबब सांगतो ती काम टाळायला. माई सबब सांगायची ती स्वतःच्या मनासारखं करून घ्यायला. आणि ती सबब इतकी किरकोळ, इतकी स्वयंपाकघरातली असायची की समोरच्याला वाद घालायचीच लाज वाटावी. बहिरीला कसं पटवणार, आणि आंधळीपुढे कागद कसा नाचवणार?

पहिली सबब तिने अकराव्या-बाराव्या वर्षी वापरली, असं तिचंच म्हणणं. सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता. मुलीचं लग्न चौदा वर्षांच्या आत करायचं नाही, असा त्याचा दंडक. तो लागू व्हायच्या आत मुली उजवून टाकायची तेव्हा गावोगाव एकच झुंबड उडाली होती. माईच्या वडिलांनीही एक स्थळ आणि फाल्गुनातला एक मुहूर्त धरून ठेवला. माईने परसातली खाजकुइली दोन्ही हातांना चोळून घेतली आणि अंगभर पुरळ घेऊन अंथरुणात पडून राहिली. गोवराची पोरगी बोहल्यावर कशी उभी करणार? मुहूर्त टळला, चैत्र उजाडला, कायदा आला. पुढे पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं ते आमच्या आजोबांशी. ही हकीकत खरी किती आणि मागाहून तिखटमीठ लावलेली किती, ते कळायला मार्ग नाही. खाजकुइलीचं वर्णन मात्र ती इतकं तपशिलात करायची की ऐकणाऱ्याला खाजवायला व्हायचं.

आजोबा शाळेत मास्तर होते. संध्याकाळी सोप्यावर बसून ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि माई समोर तांदूळ निवडत बसे. तिला नुसतं ऐकायला बसलेलं कुणी पाहिलं नाही. पण ऐकलेलं तिचं काही सांडायचंही नाही. १९५६ च्या जूनमध्ये हिंदू वारसा कायदा लागू झाला, त्याची बातमीही अशीच वाचली गेली. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखा हिस्सा. आजोबांनी ते वाक्य दोनदा वाचलं म्हणे. माईने खडा उचलून बाजूला टाकला आणि विचारलं, “आई धरून?” “आई धरून.” एवढंच. पुढची कित्येक वर्षं ती यादी तिला रामरक्षेसारखी पाठ होती.

त्याच्या पुढच्या वर्षी, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले आणि हिशेबाची जी काही दाणादाण उडाली, तिच्यात माईला एक भोक सापडलं. आण्याचे होतात सव्वासहा पैसे. पाव पैसा द्यायचा कुठून? म्हणून एका आण्याला सहा नवे पैसे धरायचे असं ठरलेलं होतं. चार आण्यांचे मात्र पुरे पंचवीस. कोथिंबिरीची जुडी एक आण्याला होती. माई एक जुडी घ्यायची, सहा पैसे द्यायची, चार पावलं पुढे जायची आणि काही विसरल्यासारखी परत येऊन दुसरी जुडी घ्यायची. अशा चार फेऱ्या. चोवीस पैशांत चार जुड्या. भाजीवाल्याने एकदा ओळखलं आणि म्हणाला, “माई, एकदम घ्या की चार.” त्यावर माईचा चेहरा अगदी गरीब. “मला बाई या नव्या पैशातलं काही कळत नाही रे. एकेक घेतली की चुकत नाही.” वाचलेल्या एका पैशापेक्षा चार फेऱ्यांचा चपलेला खर्च जास्त, हे आजोबांनी गणित मांडून दाखवलं होतं. पण चप्पल ती घालायचीच नाही, हे मास्तरांच्या ध्यानात आलं नव्हतं.

१९५८ च्या पावसाळ्यात आजोबा गेले. माई चाळिशीची, पदरात तीन मुलं, थोरले माझे वडील सतरा वर्षांचे. तेरावं होऊन महिना झाला नसेल तोच धाकटे आजोबा, म्हणजे माईचे दीर, स्टॅम्पपेपर घेऊन सोप्यावर आले. माणूस वाईट नव्हता. बाईमाणसाला कशाला कोर्टकचेरीची दगदग, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ती दगदग वाचवण्यात त्यांचा फायदा होता, हा योगायोग.

“वहिनी, एवढी सही करा. हक्कसोड आहे, नुसता उपचार. मुलं मोठी झाली की पुढचं बघू.”

माईने आधी चहा केला. मग पदराला हात पुसत समोर बसली, कागद हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे धरला.

“चष्मा सापडत नाही हो भावजी.”

चष्मा नाकावर होता. धाकटे आजोबा मान खाली घालून बोलत होते, कारण नुकत्याच विधवा झालेल्या वहिनीकडे वर मान करून बघण्याची त्या काळी पद्धत नव्हती. ती पद्धत माईला पुरती माहीत होती. ते गेल्यावर तिने त्याच चष्म्यातून पंचांग बघितलं.

महिन्याभराने ते पुन्हा आले. चष्मा सापडलेला नव्हता. दिवाळीनंतर आले, तेव्हा चष्मा सापडला होता पण काडी मोडलेली. पुढच्या वर्षी काडी जुळली, पण अक्षर मोडी वळणाचं होतं आणि मोडी तर आता कुणालाच येत नाही. तलाठी, मामलेदार, एकादशी, सोयर, सुतक, पोराची परीक्षा, सगळं मध्ये मध्ये आडवं येत गेलं. एकदा तर धाकटे आजोबा इरेला पेटून स्वतःचा चष्मा काढून तिच्या हातात द्यायला लागले. माईने तो डोळ्यांना लावला, कागदाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. “यातून तुम्हीच तेवढे दिसता भावजी. अक्षरं नाही दिसत.” यावर माणूस काय बोलणार? ते हसले, आणि एकदा हसल्यावर पुन्हा रागवायला त्यांना जड गेलं असावं. दर खेपेला चहा मात्र मिळायचा, वेलदोडा घातलेला. मला वाटतं, शेवटी शेवटी ते चहासाठीच यायचे आणि कागद नुसता सवयीने आणायचे.

काचेच्या बांगड्यांचं असंच. नवरा गेल्यावर बाईने हातात बांगडी ठेवायची नाही. आळीतल्या बायकांनी आडून आडून सुचवलं, मग उघड विचारलं. माईच्या दोन्ही हातांत दोन-दोन बांगड्या तशाच. ती म्हणाली, “आमचं मांजर फार चोरटं आहे. बांगड्या वाजल्या की त्याला कळतं मी आले, पळून जातं. नाही तर रोज दुधात तोंड.” मांजर १९६४ साली मेलं. बांगड्या राहिल्या. नवं मांजर कधी पाळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. बंड करणाऱ्या बायकांची आठवण महाराष्ट्र ठेवतो, ठेवायलाच हवी. पण मांजराच्या आडोशाने ज्या बांगड्या टिकल्या, त्यांची मोजदाद कुणी केली असेल असं वाटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ माईने दोनदा वाचली होती. तिचा अभिप्राय ठरलेला होता. “बाई फार खरं बोलते. म्हणून तर एवढा त्रास झाला तिला.”

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगरच्या बाजूला माणसं गेली, घरं बसली. वाईलाही चांगलाच हादरा बसला. फळीवरची भांडी खाली आली, वाडा करकरला, माणसं ओरडत चौकातून रस्त्यावर धावली. थंडी मरणाची. जो तो नेसत्या कपड्यांनिशी कुडकुडत उभा. सगळ्यांत शेवटी माई बाहेर आली, घाई नाही काही नाही, आणि तिच्या कुशीत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. दागिने असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. धाकट्या आजोबांनी तर डोळ्यांनी वजनही करून घेतलं. गोधडी सोडली तर आत विरजणाचं भांडं. थंडीत दही लागत नाही म्हणून ती ते रात्री गोधडीत ठेवायची. त्या पहाटे अख्ख्या आळीत अंगावर गोधडी घेऊन बाहेर आलं ते एकटं दही.

“सोनं कुठं जाणार होतं?” ती म्हणाली. “दही हललं की मोडतं.”

ते मोडलं नव्हतं. सकाळी साऱ्या आळीला त्याचं ताक मिळालं.

दोन वर्षांनी, १९६९ साली, धाकटे आजोबा वारले. पंधरवडा उलटला असेल. धाकटी जाऊ, म्हणजे आमची काकूआजी, तिन्हीसांजेला माईच्या स्वयंपाकघरात येऊन चुलीजवळ बसली. तिच्या मुलांनी कागद आणला होता. सही कर म्हणत होते. नुसता उपचार आहे म्हणत होते. माझी आत्या तिथेच भाजी चिरत होती, तिच्या तोंडून मी हे अनेकदा ऐकलं आहे. माई काही बोलली नाही. तिने भाकरी उलटली, फुगेपर्यंत वाट पाहिली, खाली उतरवली. मग नाकावरचा चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा नीट पुसल्या आणि जावेच्या हातात दिला.

“हा घे तुला. हरवून टाक.”

नंबर वेगळा होता, काकूआजीला त्यातून भिंतही सरळ दिसली नसती. पण बघण्यासाठी तो घ्यायचाच नव्हता. माईने आठवड्याने साताऱ्याला जाऊन नवा केला, आणि काकूआजीचा हिस्सा शेवटपर्यंत काकूआजीच्या नावावर राहिला.

पुढे मुलं नोकरीधंद्याला पुण्या-मुंबईला गेली आणि माईने पुढचा सोपा मोकळा ठेवण्याऐवजी दोन-तीन बिऱ्हाडावेगळ्या मुलांना जेवायला ठेवलं. सत्तरच्या दशकात वाईत विश्वकोशाचं काम जोरात होतं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. त्या कामासाठी आलेला वनस्पतिशास्त्राचा एक पोरगा माईच्या पंक्तीला असे. ‘अ’ पासून सुरुवात आहे म्हटल्यावर माईने विचारलं, “मग अळू आलं असेल.” पोरगा खुलला. अळूचं कूळ कोणतं, शास्त्रीय नाव काय, खाल्ल्यावर घसा का खवखवतो, पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात ते कसे टोचतात, सगळं त्याने पुढ्यातलं फदफदं निववत सांगितलं. माईने पूर्ण ऐकून घेतलं. “आणि चिंच?” चिंच त्याच्या ‘च’ मध्ये येणार होती, तिला अजून वेळ होता. माई म्हणाली, “म्हणजे तोवर महाराष्ट्राचा घसा खवखवणार.”

१९७६ साली पहिला खंड निघाला, तेव्हा त्या पोराने तो मोठ्या अभिमानाने तिला दाखवायला आणला. तिने तो मांडीवर घेतला, दोन-चार पानं वाचली, छपाईची तारीफ केली. मग तिच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी उमटली. “सगळंच लिहून ठेवलंत, तर ‘मला बाई काही माहीत नाही’ असं म्हणायची सोय कुठं राहिली?”

तिचा प्रवासही याच चालीचा. ती कुणाची परवानगी मागत नसे, कळवत मात्र असे. ऐंशीच्या दशकात पुण्याला यायचं मनात आलं की ती पंधरा पैशांचं कार्ड टाकायची, ‘उद्या निघत आहे’, आणि तशीच एसटी स्टँडवर जायची. सुरूर फाटा, खंबाटकीचा घाट, शिरवळ करत दुपारी स्वारगेटला उतरून पिशवीत हळकुंडं आणि घेवडा घेऊन दारात उभी. कार्ड तिसऱ्या दिवशी यायचं. ते तिच्याच हातात पडायचं आणि ती ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायची. वडील चिडायचे. एकटीने कशाला, आधी सांगितलं असतं तर न्यायला आलो असतो. “कळवलं होतं की,” ती कार्ड पुढे करायची. “पोस्ट हल्ली फार सावकाश झालंय.”

आम्हीही आता सबबी सांगतो. रेंज नव्हती, मीटिंगमध्ये होतो, मेसेज आत्ता पाहिला. पण त्यात राम नाही. एकाही सबबीत मांजर नाही, दही नाही, समोरच्याला हसू येईल अशी सोय नाही. त्यामुळे आमच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि कुणी चहालाही थांबत नाही.

शेवटी मात्र तिची सबब तिच्यावरच उलटली. तिने ऐंशी ओलांडल्यावर एका सकाळी तिचा चष्मा खरोखरच हरवला. “अरे, चष्मा सापडत नाही,” ती म्हणाली, आणि अख्खं घर हसलं. सुट्टीला जमलेली नातवंडं, सुना, सगळेच. कुणी म्हणालं, कुठल्या कागदावर सही नकोय आता? ती भिंत धरत धरत कोनाड्यापर्यंत गेली, तिथून देवापाशी, तिथून फळीकडे. हाताने चाचपत. मांडणीवरचा पेला खाली पडला तेव्हा आम्ही हसायचे थांबलो. चष्मा दुपारी सापडला, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. आईने तो धुऊन, पुसून तिच्या नाकावर ठेवला. माईने आमच्याकडे एकेकाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “आता दिसलात.” यातलं बोलणं किती आणि बोल लावणं किती, ते आजही मला ठरवता आलेलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच हिवाळ्यात केलं.

ती २००३ च्या मार्गशीर्षात गेली, पंच्याऐंशीव्या वर्षी, सकाळची आंघोळ उरकून, दुपारच्या जेवणाआधी. हातात चार बांगड्या होत्या.

वाड्याच्या मालमत्तापत्रकावर तिचं नाव अजून तसंच आहे. आम्ही पाच नातवंडं दर दिवाळीला वाईला जमतो, ती वारसनोंदीचा अर्ज भरायला. अर्ज छापील आहे, टाईप बारीक आहे. चहा होतो, वेलदोडा घातलेला. मग कुणीतरी अर्ज पुढे सरकवतं आणि आम्ही पाचही जण खिसे चाचपायला लागतो. यंदाही चष्मा कुणाला सापडला नाही.